दूध सोडलेला बॅरिस्टर

कुर्ला स्टेशनाबाहेर कटिंग सांगताना एकदा ‘बिनदुधाचा’ म्हणून बघा. चहावाला आधी तुमच्याकडे बघेल, मग पातेल्याकडे! मॉलमधल्या कॅफेत मात्र आता ओट मिल्क, सोया मिल्क सहज मिळतं आणि व्हेगन असणं कूल वाटतं. पण शंभरेक वर्षांपूर्वी हाच हट्ट धरून मरणाच्या दारापर्यंत गेलेला एक माणूस तुमच्या खिशातल्या प्रत्येक नोटेवर आहे. मोहनदास करमचंद गांधी.

बकऱ्यापासून सुरुवात

शाळकरी मोहनला वाटायचं, इंग्रज मांस खातात म्हणून ताकदवान आहेत. मित्राच्या नादाने त्याने राजकोटला नदीकाठी चोरून बकऱ्याचं मटण खाल्लं. त्या रात्री त्याला झोप नाही. पोटात जिवंत बकरा बें-बें करतोय, असं वाटत राहिलं. तरी हे चोरटं खाणं काही काळ चाललं आणि आईबापांशी खोटं बोलवेना म्हणून थांबलं.

४ सप्टेंबर १८८८ला तो मुंबईहून बोटीने लंडनला निघाला, ते आईला मांस न खाण्याचा शब्द देऊन. तिथे उकडलेल्या बेचव भाज्या खाऊन कित्येक दिवस उपाशीपोटी काढले. शेवटी भटकताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी रेस्टॉरंट सापडलं. आत शिरताना त्याने तिथेच विकायला ठेवलेलं हेन्री सॉल्टचं पुस्तक एक शिलिंगला घेतलं. ते वाचून गोष्टच पालटली. आईच्या शब्दाखातर पाळलेला शाकाहार आता स्वतःच्या मर्जीचा झाला. मग व्हेजिटेरियन सोसायटीची कमिटी, बेजवॉटरमध्ये स्वतः सुरू केलेला क्लब... इतरांसमोर तोंड न उघडणारा हा लाजाळू पोरगा खाण्याच्या विषयावर मात्र कामाला लागला.

दूधही नको

पुढची पायरी दक्षिण आफ्रिकेत आली. दुधाचा शेवटचा थेंब काढण्यासाठी गायी-म्हशींचे जे हाल केले जात, त्याबद्दल गांधींच्या वाचनात आलं. दुधाने वासना चाळवते, असाही त्यांचा समज होता. १९१२मध्ये टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी दूध सोडलं. भुईमूग, केळी, लिंबू, टोमॅटो, ऑलिव्ह तेल असा आहार सुरू झाला. व्हेगन हा शब्द १९४४मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला. त्याच्या ३२ वर्षं आधीची ही गोष्ट.

१९१४मध्ये लंडनला ते आजारी पडले. डॉक्टर म्हणाले, दूध घ्या. खुद्द गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आग्रह केला. ज्यांना गुरू मानलं, त्यांना नाही कसं म्हणायचं? गांधींनी विचाराला चोवीस तास मागून घेतले आणि मग नम्रपणे नकार दिला.

शरीर हरलं

१९१८मध्ये मात्र खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना जबरदस्त आव झाली. मरण समोर दिसत होतं. तेव्हा केळकर नावाचे एक मराठी गृहस्थ आले. बर्फाने उपचार करायचे, म्हणून लोक त्यांना ‘आइस डॉक्टर’ म्हणत. बर्फाने थोडा आराम पडला. अंडी घ्या, हा त्यांचा सल्ला मात्र गांधींनी मानला नाही. हवापालटासाठी ते माथेरानला गेले, पण तिथलं पाणी सोसलं नाही आणि ते मुंबईला परतले.

इथे डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितलं, दुधाशिवाय अंगात ताकद येणार नाही. व्रत आहे, म्हणून गांधी अडून बसले. कस्तुरबा तिथेच होत्या. त्यांनी साधा मुद्दा काढला : व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना? मग शेळीच्या दुधाला काय हरकत?

गांधी वाकले. रौलट कायद्याविरुद्ध लढायचं होतं, जगायची इच्छा जबर होती. शेळीचं दूध सुरू झालं, डॉ. दलालांनी ऑपरेशनही यशस्वी केलं आणि ६ एप्रिल १९१९ला ते चौपाटीवर सत्याग्रहासाठी उभे होते.

पळवाटेला पळवाट म्हणणं

एखाद्याने म्हटलं असतं, नियम कुठे मोडला? गांधींनी तसं केलं नाही. व्रताचे शब्द पाळले, पण आत्मा मोडला, हे त्यांनी आत्मकथेत उघड लिहिलं. हा सल त्यांना कायम राहिला. पुढे १९४२मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. त्यातही दूध हा प्राणिज पदार्थच आहे, हे सांगितलं आणि त्याची जागा घेणारी वनस्पती शोधली जावी, अशी आशा धरली.

वनस्पतींमधून जवळपास न मिळणारं बी-१२ जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं ते १९४८मध्ये, त्यांची हत्या झाली त्याच वर्षी. आज त्याची गोळी मेडिकलमध्ये मिळते आणि सोया दूध किराणा दुकानात. त्यामुळे व्हेगन व्हायचं असेल, तर तुमचं काम त्यांच्यापेक्षा खूप सोपं आहे. बी-१२ची तपासणी मात्र आधी करून घ्या. आणि कधी नियम मोडलाच, तर निदान स्वतःला तरी खरं सांगा.