तो आला, आणि पुढची १४ मिनिटं कुणीच नाही!

सायकल रेस बघायला जाणं म्हणजे तसा तोट्याचा सौदा. क्रिकेटचं तिकीट काढलं की दिवसभर खेळाडू डोळ्यांसमोर असतात. रोड रेसला तिकीट नाही आणि खुर्चीही नाही. सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. आधी पोलिसांच्या गाड्या जातात, मग मोटारसायकली, आणि मग शंभर-दीडशे सायकली सर्रकन समोरून निघून जातात. अर्ध्या मिनिटाचा खेळ! त्यात आपला हिरो नेमका कोणता होता, यावर मित्रांशी वाद घालत घरी यायचं. जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, तेव्हा मुळशी, पुरंदर, बारामतीकडच्या पोरांनी हा अनुभव घेतला. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट कोण पहिला चढतो हे बघायला थांबणारे जुने शौकीनही हेच करत आलेत.

आमच्या भंडारा जिल्ह्यात हे वेड अजून पोचलेलं नाही. चिखल्यात सायकल म्हणजे मँगनीजच्या खाणीत पाळीवर जायचं साधन. शाळेत जायचं, बाजाराच्या दिवशी हँडलला पिशव्या अडकवायचं साधन. सायकलवर बसलेला माणूस बघायला लोक चार-चार तास उन्हात उभे राहतात, असं इथं सांगितलं तर आधी सगळे हसतील. म्हणूनच आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, तो मला जास्त जवळचा वाटतो. तोही खेड्यातलाच. आणि रोज सायकल दामटायची सवय त्याला लागली ती मटण पोचवता पोचवता.

फाउस्तो कोप्पी. जन्म १५ सप्टेंबर १९१९, इटलीच्या वायव्येकडचं कास्तेलानिया नावाचं टेकडीवरचं गाव. घरची शेती, पण खाणारी तोंडं जास्त. फाउस्तो अंगानं काडीपैलवान, शेतीकामात फारसा उपयोगाचा नाही. मग पोरवयातच त्याला नोवी लिगुरे या गावात खाटकाच्या दुकानात लावलं. गावापासून दुकान जवळपास वीस किलोमीटर. चढ-उताराचा रस्ता सायकलनं कापायचा आणि दुकानात पोचल्यावर पुन्हा सायकलनंच घरोघरी माल द्यायचा. पुढे जहाजावर नोकरी करणाऱ्या काकानं पैसे दिले आणि पुतण्याला बऱ्यापैकी सायकल मिळाली.

नोवी लिगुरेतच त्याला बियाजो कावान्ना भेटला. कावान्ना मालिश करायचा आणि खेळाडू घडवायचा, आणि तो आंधळा होता. पायांचे स्नायू बोटांनी चाचपून पोरगं कुठवर जाईल हे तो सांगायचा, अशी त्याची ख्याती. त्यानं कोप्पीला तयार केलं आणि १९४० मध्ये हे पोरगं लेन्यानो संघात दाखल झालं. काम काय, तर जिनो बार्तालीची चाकरी.

इथं जरा थांबून रोड रेसचा कारभार समजून घेऊ. नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. ही शर्यत एकेकट्याची दिसते, पण असते संघाची. संघात एक म्होरक्या असतो, बाकीचे त्याच्यासाठी राबतात. वारा अंगावर घेत त्याच्या पुढे चालवायचं, पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. अशा रायडरला इटालियनमध्ये ‘ग्रेगारियो’ म्हणतात. बार्ताली तेव्हा इटलीचा सर्वांत मोठा सायकलपटू होता आणि २० वर्षांचा कोप्पी त्याचा ग्रेगारियो. पण त्या वर्षीच्या ‘जिरो दि’इटालिया’मध्ये, म्हणजे इटलीभर फिरणाऱ्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, सुरुवातीलाच एक कुत्रा आडवा आला आणि बार्ताली पडला. म्होरक्या मागे राहिला, चाकर पुढे गेला आणि शर्यत जिंकून बसला. इतक्या कमी वयात जिरो जिंकणारा आजही दुसरा कुणी नाही. शर्यत ९ जूनला संपली आणि १० जूनला इटली महायुद्धात उतरली. काय नशीब बघा!

ऐन उमेदीची वर्षं युद्धानं खाल्ली. १९४२ मध्ये मिलानच्या ट्रॅकवर त्यानं तासाभरात सर्वाधिक अंतर कापायचा विश्वविक्रम केला, ४५ किलोमीटरहून जास्त. पुढच्या वर्षी तो सैनिक म्हणून ट्युनिशियात होता आणि ब्रिटिशांच्या हाती लागला. युद्धकैदी म्हणून दिवस काढून १९४५ मध्ये मायदेशी परतला.

आता येते ती मिनिटं. १९ मार्च १९४६. मिलान ते सान रेमो ही जवळपास तीनशे किलोमीटरची एका दिवसाची शर्यत. युद्ध संपून वर्षही झालेलं नाही, देश मोडून पडलेला, पूल उडवलेले. वाटेत तुर्किनोचा बोगदा लागतो. या खिंडीच्या आसपास कोप्पीनं उरलेल्यांना मागे टाकलं आणि बोगद्यातून बाहेर आला तो एकटाच. पुढे समुद्राच्या कडेकडेनं सान रेमोपर्यंत तो एकटाच चालवत राहिला, सुमारे १४७ किलोमीटर. तो शेवटची रेषा ओलांडून थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मान वळवून रस्त्याकडे बघितलं. कुणीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दुसरा आला तो तब्बल १४ मिनिटांनी. रेडिओवरच्या निवेदकाकडे बोलायला काही उरलं नाही, म्हणून तोवर नाचाचं संगीत लावून दिलं, असं तिथले जुने चाहते आजही सांगतात.

मला या गोष्टीत कोप्पीपेक्षा ते बघणारेच जास्त दिसतात. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला तो दिसला असेल काही सेकंद. बाकीच्या देशानं तर त्याला बघितलंच नाही. कॉफीच्या दुकानात रेडिओभोवती कोंडाळं करून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. या शर्यतींचा जन्मच मुळी पेपरवाल्यांच्या पोटी झालाय. ‘टूर द फ्रान्स’ १९०३ मध्ये एका क्रीडा दैनिकानं खप वाढवायला सुरू केली, जिरो १९०९ मध्ये ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’नं. तो पेपर गुलाबी कागदावर निघायचा, म्हणून जिरोच्या आघाडीवीराची जर्सी गुलाबी. रेस डोळ्यांनी पूर्ण बघता येत नव्हती, म्हणूनच तिची बातमी विकली जायची. मास कॉमच्या वर्गात हे कुणी शिकवलं नव्हतं!

१९४९ च्या जिरोला ‘कोरिएरे देल्ला सेरा’नं दिनो बुझ्झाती या लेखकाला पाठवलं. सायकल रेसशी त्याचा तोवर काडीचा संबंध नव्हता. त्याच्याच समोर १० जूनचा कुनेओ ते पिनेरोलो हा टप्पा झाला. २५४ किलोमीटर आणि आल्प्सचे पाच घाट. कोप्पी पहिल्याच घाटात सुटला आणि १९२ किलोमीटर एकटा राहिला. मागून पाठलाग करत होता ३४ वर्षांचा बार्ताली. तो जवळपास १२ मिनिटांनी दुसरा आला. बुझ्झातीला हे बघून होमरच्या महाकाव्यातलं युद्ध आठवलं. कोप्पी हा अकिलीस आणि बार्ताली हा हरणारा हेक्टर. आणि मजकूर वाचताना जीव तुटतो तो हेक्टरसाठीच.

तोवर इटलीत घरोघरी दोन तट पडले होते. बार्ताली देवभोळा, जुन्या वळणाचा, धर्मगुरूंचा लाडका. कोप्पी नव्या जमान्याचा. आहार मोजूनमापून, सायकल हलकी, तयारी शास्त्रशुद्ध. या तयारीत उत्तेजक गोळ्याही होत्या आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. तेव्हा त्यावर बंदी नव्हती. तरी मला ते खटकतंच. दोघांमधली खुन्नस इतकी की १९४८ च्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत दोघं एकमेकांवरच नजर ठेवत मागे पडले आणि शेवटी दोघांनीही शर्यत सोडली. संघटनेनं दोघांनाही निलंबित केलं. आणि १९५२ च्या टूरमधला एक फोटो आहे, घाट चढताना एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती बाटली जातेय. बाटली कुणी कुणाला दिली, यावर इटलीत अजून वाद होतात.

१९४९ मध्ये जिरो आणि टूर या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारा कोप्पी पहिला माणूस ठरला. १९५२ मध्ये त्यानं तेच पुन्हा केलं. त्या टूरमध्ये त्याचा एक ग्रेगारियो, आंद्रेआ कारेआ, पुढे निघालेल्या घोळक्यावर नजर ठेवायला म्हणून गेला आणि दिवस संपला तेव्हा पिवळी जर्सी नेमकी त्याच्याच वाट्याला आली. पिवळी जर्सी म्हणजे टूरमधल्या आघाडीवीराचा मान. हा बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतलेला माणूस, पण साहेब रागावतील म्हणून रडायलाच लागला. कोप्पीनं त्याचं अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर पिवळी जर्सी कोप्पीनं घेतलीच, आणि शेवटी २८ मिनिटांहून जास्त फरकानं टूर जिंकली.

या सगळ्याच्या मध्ये एक वाईट दिवस आहे. जून १९५१. धाकटा भाऊ सेर्से, तोही त्याच्याच संघात सायकल चालवायचा. तुरीनमध्ये शर्यत संपता संपता पडला, उठला, स्वतः सायकल चालवत हॉटेलवर गेला आणि त्याच रात्री मेंदूतल्या रक्तस्रावानं वारला. कोप्पी काही दिवसांतच टूरच्या सुरुवातीला उभा होता आणि त्या टूरमध्ये तो पार कोसळला.

१९५३ ला स्तेल्व्हिओच्या घाटात ऊगो कोब्लेला मागे टाकून त्यानं पाचवा जिरो जिंकला आणि त्याच वर्षी विश्वविजेताही झाला. त्यानंतर पेपरांच्या पहिल्या पानावर तो यायला लागला तो वेगळ्याच कारणासाठी. लोकातेल्ली नावाचे एक डॉक्टर कोप्पीचे कट्टर चाहते होते. त्यांच्यासोबत त्यांची बायको जुलिया कोप्पीची सही घ्यायला आली. काही वर्षांनी कोप्पी आणि जुलिया एकत्र राहायला लागले. तो विवाहित, एका मुलीचा बाप. ती विवाहित, दोन मुलांची आई. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदा नव्हता आणि व्यभिचार हा गुन्हा होता. जुलियाला काही दिवस तुरुंगात काढावे लागले, दोघांवर खटला चालला. मुलगा जन्मला तो अर्जेंटिनात, बापाचं नाव लागावं म्हणून. तिच्या पांढऱ्या कोटावरून पेपरांनी तिचं नावच ‘पांढरी बाई’ पाडलं. ज्यांनी घाटात उभं राहून त्याचं नाव घेतलं होतं त्यांच्यातल्याच कित्येकांनी आता शिव्या घातल्या. आज ट्रोलिंग म्हणतो ना आपण, तेच. फक्त पत्रानं यायचं.

१९५६ ची लोम्बार्दीची शर्यत. पाच वेळा जिंकलेली. ३७ वर्षांचा कोप्पी एका तरुण रायडरबरोबर पुढे निघालेला, सहावी जिंकायची संधी समोर. तेवढ्यात जुलियाची गाडी मागच्या घोळक्याजवळून गेली आणि तिनं फिओरेंझो माग्नी या रायडरला हातानं काहीतरी हिणवणारी खूण केली, असं माग्नी पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तो असा चवताळला की सगळा घोळका ओढत त्यानं कोप्पीला गाठलं. शेवटच्या झेपेत फ्रान्सचा आंद्रे दारिगाद जिंकला. कोप्पी रडला. चाहत्याचा उत्साह कधी कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही.

त्यानंतरही तो चालवत राहिला. खरं तर थांबायला हवं होतं.

डिसेंबर १९५९ मध्ये अपर व्होल्टात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत, एका प्रदर्शनीय शर्यतीचं आमंत्रण आलं. जाक आंकेतिल, राफाएल जेमिनिआनी असे फ्रेंच रायडर सोबत होते. शर्यत झाली, मग सगळे शिकारीला गेले. रात्री कोप्पी आणि जेमिनिआनी एकाच खोलीत झोपले. डासांनी फोडून काढलं. घरी परतल्यावर दोघांनाही ताप भरला.

आपल्या इकडे जंगलपट्ट्यात ताप अंगावर निघाला की आशाताई आधी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेते. फ्रान्समध्ये जेमिनिआनीचं रक्त तपासलं गेलं. फॅल्सिपेरम मलेरिया निघाला, क्विनीन म्हणजे जुन्या लोकांचं कोयनेल सुरू झालं, आणि अगदी मरणाच्या दारातून तो परतला. इटलीत डॉक्टरांनी कोप्पीचा ताप श्वसनाचा आजार समजून त्याचेच उपचार केले. जेमिनिआनीच्या घरच्यांनी मलेरियाचा निरोप पोचवला होता, असं सांगितलं जातं. तो मनावर घेतला गेला नाही. २ जानेवारी १९६० च्या सकाळी तोर्तोनाच्या दवाखान्यात कोप्पी वारला. वय ४०.

१९६५ पासून जिरोच्या वाटेवरच्या सर्वांत उंच घाटाला ‘चिमा कोप्पी’, म्हणजे कोप्पीचं शिखर, म्हणतात. तिथं आजही चाहते आदल्या दिवशीच जाऊन बसतात, तेवढ्या काही सेकंदांसाठी. गावात आता शंभरभर माणसंही उरलेली नाहीत. २०१९ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला गावानं स्वतःचं नाव बदलून ‘कास्तेलानिया कोप्पी’ केलं.

बार्ताली २००० पर्यंत जगला. आणि तो जेमिनिआनी, त्याच खोलीत झोपलेला, तोच ताप आलेला, २०२४ च्या जुलैमध्ये गेला. ९९ वर्षांचा होऊन.