पन्हाळ्याच्या धन्याची लेकरे

कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या वाटेला लागले की बहुतेकांच्या मनात शिवछत्रपती, सिद्दी जौहरचा वेढा आणि बाजीप्रभू हेच येतात, आणि ते स्वाभाविकही आहे. ताराराणींच्या काळापासून १७८२ पर्यंत करवीर राज्याची गादी याच गडावर होती, हे त्यानंतर आठवते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी गडाची तटबंदी फोडली आणि पन्हाळ्याचे लष्करी महत्त्व संपले. परंतु गडाच्या डोंगरउतारावर पुढे ज्याने चहा-कॉफीची लागवड करून पाहिली, त्या राजाची आठवण गडावर येणाऱ्या पर्यटकाला क्वचितच होते. तो राजा म्हणजे राजर्षी शाहू छत्रपती. आरक्षणाचा जाहीरनामा, वेदोक्त प्रकरण, माणगावची परिषद यांवर त्यांच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्यांच्या चरित्रातील एक धागा मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. पोरक्या, उपाशी आणि शाळेपासून तुटलेल्या मुलांसाठी त्यांनी जे केले, तो हा धागा होय.

हा माणूस स्वतःच लहानपणी पोरका झालेला होता. २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. तीन वर्षांचे असताना मातोश्री राधाबाई गेल्या. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात चौथ्या शिवाजी महाराजांचा करुण अंत झाला आणि करवीरची गादी रिकामी पडली. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी यशवंतरावांना दत्तक घेतले, तेव्हा त्यांचे दहावे वर्षही पुरे झालेले नव्हते. दोनच वर्षांनी जन्मदाते आबासाहेब घाटगेही निवर्तले. धाकटे बंधू बापूसाहेब यांच्यासह राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. वैभवाला तोटा नव्हता, पण आईबापांचे छत्र नव्हते. पुढील आयुष्यातील त्यांच्या कृतींचा उगम केवळ या दुःखात शोधणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही चरित्रकाराने ते नजरेआड करू नये, असे वाटते.

२ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. पुरती दोन वर्षे लोटतात न लोटतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या तरुण राजाने स्वतः संस्थानात फिरून परिस्थिती पाहिली. परप्रांतांतून धान्य आणवले, स्वस्त धान्याची दुकाने काढली, व्यापाऱ्यांनी कमी भावाने विकावे आणि त्यांची तूट दरबाराने सोसावी अशी व्यवस्था लावली. जनावरांसाठी राखीव रानांतील चारा मोकळा केला, तगाई दिली, विहिरी-तलावांची आणि रस्त्यांची कामे काढली.

दुष्काळी कामे त्या काळी इंग्रजी मुलखातही निघत होतीच. कोल्हापूरचे वेगळेपण आहे ते एका छोट्याशा गोष्टीत. कामावर येणाऱ्या बायांच्या कडेवर तान्ही पोरे असत. बाईने खडी फोडावी की पोर सांभाळावे? पोर खडीच्या ढिगाशेजारी उन्हात निजवावे, तर ते आजारी पडणार. त्याच्यापाशी बसावे, तर मजुरी बुडणार आणि संध्याकाळी घरी चूल पेटणार नाही. महाराजांच्या दरबाराने कामांच्या ठिकाणी या मुलांसाठी शिशुसंगोपनगृहे उभारली. पोर तिथे सोडून आईने कामावर जावे, मुलाच्या खाण्यापिण्याची आणि देखरेखीची काळजी दरबाराने घ्यावी, अशी ती योजना होती. नोकरदार स्त्रियांसाठीच्या पाळणाघरांचे कौतुक आज आपल्याला वाटते; हे पाळणाघर खडी फोडणाऱ्या मजूर बाईसाठी होते आणि तेही एकोणिसाव्या शतकात! ज्यांना कोणीच उरले नव्हते, अशा म्हाताऱ्याकोताऱ्या, पंगू आणि अनाथ जिवांसाठी निराधार आश्रम निघाले. मुलाला वाचवायचे तर आधी त्याचे कुटुंब उभे राहिले पाहिजे, हे तत्त्व जगभरच्या सेवाभावी संस्था आज मांडतात. लंडनमध्ये एग्लंटाइन जेब यांनी युद्धग्रस्त मुलांसाठी आपली प्रसिद्ध संस्था काढली ती १९१९ साली. त्याच्या दोन तपे आधी सह्याद्रीच्या कुशीतील एका लहान संस्थानात हे तत्त्व व्यवहारात आले होते.

दुष्काळ ओसरला, पण मुलांचा प्रश्न राहिला. खेड्यातल्या शेतकऱ्याचा हुशार मुलगा कोल्हापुरात शिकायला यायचा तर राहणार कोठे आणि जेवणार कोठे? १८९६ मध्ये राजाराम महाविद्यालयाला जोडून सर्व जातींसाठी वसतिगृह काढले होते. परंतु त्याचा लाभ जवळजवळ एकाच वर्गाच्या पदरात पडला. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच साली जैन, १९०६ मध्ये मुसलमान, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी मालिकाच लागली. जागा, इमारती, वार्षिक अनुदान दरबाराने द्यायचे आणि त्या त्या समाजाने चालवायचे. जातवार वसतिगृहांमुळे जाती घट्ट होतील, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र पंक्तीला बसूच न दिलेल्या मुलाला आधी जेवायला तर मिळू दे, असा तो हिशेब होता. कुंभोजचा एक उनाड विद्यार्थी जैन बोर्डिंगमधून बाहेर काढला गेला, तेव्हा महाराजांनी त्याला राजवाड्यावर आसरा दिला. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि गोरगरिबांच्या मुलांच्या वसतिगृहांचे लोण महाराष्ट्रभर नेले.

वसतिगृहाला शहर लागते. खेड्यातले पोर शाळेची पायरीच चढत नव्हते. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ पासून सक्तीचे शिक्षण संस्थानभर लागू केले होते. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक मात्र पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. ४ मार्च १९१८ रोजी करवीर पेट्यातील चिखली येथे पहिली शाळा उघडली. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविण्यात आला. रुपया ही त्या काळी गरिबाला जड रक्कम होती, आणि गुरे राखणारे पोर गमावणाऱ्या बापाला हा जुलूम वाटला असेल, यात शंका नाही. तरी महाराज मागे हटले नाहीत. पुढच्या चार वर्षांत अशा शाळांची संख्या चारशेच्या वर गेली.

याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या घरावर वीज कोसळली. १२ जून १९१८ रोजी शिकारीत झालेल्या अपघातात धाकटे राजपुत्र शिवाजी गेले. सून इंदुमतीदेवी तेव्हा कोवळ्या वयाच्या. राजघराण्यातील विधवेने पडद्याआड आयुष्य कंठावे, हीच रीत होती. महाराजांनी आप्तांचा रोष पत्करून त्यांना सोनतळीच्या मुक्कामी ठेवले, शिकविण्याची व्यवस्था केली आणि सोबतीला निरनिराळ्या जातींच्या मुली दिल्या. याच वर्षी त्यांनी गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना हक्काचा निवारा व काम दिले. जन्मतःच चोर म्हणून नोंदल्या जाणाऱ्या पोरांचे त्यामुळे काय वाचले असेल, याची कल्पनाच करावी. १९२० मध्ये देवाला मुली सोडण्याच्या चालीला पायबंद घालणारा जोगत्या-मुरळी प्रतिबंधक कायदा आला.

पुढे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे महायुद्धाने देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. ते पाहायला महाराज नव्हते. मधुमेह आणि हृदयविकाराने त्यांची प्रकृती आधीच पोखरली होती, आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. खेतवाडीतील ज्या बंगल्यात त्यांनी शेवटचा श्वास घेतला, त्याचे नाव होते पन्हाळा लॉज.