विश्लेषण : लेनिन यांची वाचा कशामुळे गेली? मानेतील धमनीशी संबंध काय?

काळेवाडी-पिंपरीच्या कामगार पट्ट्याला लेनिन हे नाव नवे नाही. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यावर परदेशातून लिहिणारे हेच लेनिन. त्यांच्या आजारपणाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

संशय गोळीवर का गेला?

ऑगस्ट १९१८ मध्ये मॉस्कोतील कारखान्यात सभा आटोपून निघताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी मानेत शिरून कॉलरबोनजवळ अडकली. पुढे डोकेदुखी आणि निद्रानाश वाढला, तेव्हा गोळीतील शिसे अंगात भिनत असावे असा तर्क निघाला. एप्रिल १९२२ मध्ये ती काढली. उपयोग शून्य! महिन्याभरात पहिला झटका आला.

उजवी बाजूच का लुळी पडली?

मानेच्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्या मेंदूला रक्त पुरवतात. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू सांभाळतो, बहुतेकांची वाचाही तिथलीच. लेनिन यांची डावी धमनी आतून बुजत चालली होती. कधी काही मिनिटेच हात-पाय लुळे पडत आणि पुन्हा हलू लागत. आजचे डॉक्टर यालाच धोक्याची घंटा मानतात. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, शब्द फुटेना, तर काळेवाडीत असा की चाकणच्या शिफ्टवर, १०८ ला फोन करायचा. लगेच बरे वाटले तरी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मानेतील अडथळा डॉपलर सोनोग्राफीत दिसतो. लेनिन यांच्या काळी यातले काहीच नव्हते.

शेवटी काय झाले?

ऑक्टोबर १९२२ मध्ये ते कामावर परतले, भाषणेही केली. डिसेंबरमध्ये उजवी बाजू पुन्हा गेली. तरी लेखनिकांना मजकूर सांगणे सुरूच होते. पक्षातील सहकाऱ्यांबद्दलची गाजलेली टिपणे याच दिवसांतली. मार्च १९२३ मध्ये वाचा गेली. सभा गाजवणारा माणूस मोजक्या शब्दांवर आला. पत्नी क्रुपस्काया त्यांना पुन्हा बोलायला शिकवत होत्या, डाव्या हाताने लिहिण्याचा सरावही चालला होता. २१ जानेवारी १९२४ रोजी, ५३ व्या वर्षी, ते गेले. वडीलही ५४ व्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावानेच गेले होते.

शवविच्छेदनात मेंदूकडे जाणारी डावी कॅरोटिड बंद आढळली. काही धमन्या इतक्या कडक झाल्या होत्या, की चिमट्याने टकटक केल्यावर दगडासारखा आवाज येई. मानेतील जखमेने धमनी दाबली गेली का, ही शंका नंतरही घेतली गेली. पण कडकपणा एका बाजूपुरता नव्हता.