कार्टर गॉडविन वुडसन

विसाव्या वर्षी माध्यमिक शाळेत पाऊल ठेवणारा एक खाणकामगार पुढे हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवतो, ही घटना आपल्यापैकी अनेकांना जवळची वाटेल.

वुडसन यांचा जन्म १९ डिसेंबर १८७५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. आई-वडील दोघेही पूर्वाश्रमीचे गुलाम. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती (जोतीराव फुले यांनी १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या कार्याबद्दलच अमेरिकन लोकांना अर्पण केला, हे आपणांस ठाऊक असेल). दारिद्र्य मात्र संपले नव्हते. शेतकामातून उरेल तेवढीच शाळा त्यांच्या वाट्याला आली. पुढे ते वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत उतरले. तेथे ऑलिव्हर जोन्स या सहकाऱ्याच्या घरी सायंकाळी कामगार जमत. जोन्स स्वतः निरक्षर, परंतु पुस्तके व वर्तमानपत्रे आवर्जून बाळगणारा. वुडसन ती सर्वांना वाचून दाखवीत आणि यादवी युद्धात लढलेल्यांच्या तोंडून त्या काळच्या हकिगती ऐकत. दप्तरात न नोंदलेला इतिहास माणसांच्या स्मरणात असतो, याचा हा प्रत्यक्ष पाठच होता.

१८९५ नंतर त्यांचे शिक्षण वेगाने झाले. फिलिपीन्समध्ये अध्यापन करीत असतानाही त्यांनी शिकागो विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण घेतले. १९१२ साली हार्वर्डची इतिहासातील पीएच.डी. मिळाली. तेथे ही पदवी मिळवणारे ते डू बॉइस यांच्यानंतरचे दुसरेच कृष्णवर्णीय होत.

पण एवढ्या अभ्यासात त्यांना आपला समाज भेटला तो बहुधा गुलाम म्हणून. कर्ता म्हणून क्वचितच. ज्या समाजाचा भूतकाळ पाठ्यपुस्तकात नाही, त्याला वर्तमानातही कोणी मोजत नाही, अशी त्यांची धारणा झाली. म्हणून १९१५ साली त्यांनी संशोधन संस्था स्थापन केली व १९१६ साली त्रैमासिक काढले. परंतु त्रैमासिक विद्वानच वाचतात. शेतमजुराच्या मुलापर्यंत हे ज्ञान कसे पोहोचावे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे फेब्रुवारी १९२६ मधील पहिला ‘निग्रो इतिहास सप्ताह’. (‘निग्रो’ हा शब्द त्या काळी खुद्द त्या समाजातही प्रतिष्ठित होता, आज तो अवमानकारक मानला जातो.) लिंकन यांची १२ तारखेची आणि फ्रेडरिक डग्लस यांची १४ तारखेची जयंती हा समाज आधीपासूनच साजरी करीत असे. रुजलेल्या प्रथेलाच वुडसन यांनी अभ्यासाची जोड दिली, यात त्यांची व्यवहारदृष्टी दिसते. शाळांना, चर्चना चित्रे, नाटिका, पाठांचे आराखडे पाठवले जाऊ लागले. पुढे मोठ्या संस्थांच्या देणग्या आटल्या, तेव्हा सामान्य माणसांच्या अल्पस्वल्प वर्गणीवर कार्य चालले.

तथापि वुडसन यांना केवळ उत्सव नको होता. वर्षभर वर्गात शिकावे आणि सप्ताहात त्या अभ्यासाचे दर्शन घडवावे, असा त्यांचा आग्रह असे. अविवाहित राहून त्यांनी सारे आयुष्य याच कामाला दिले. वॉशिंग्टनमधील त्यांचे घर हेच संस्थेचे कार्यालय होते. तेथेच ३ एप्रिल १९५० रोजी त्यांचे निधन झाले. १९७६ साली सप्ताहाचा महिना झाला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला अधिकृत मान्यता दिली. वुडसन यांनी मात्र संपूर्ण वर्षाची अपेक्षा केली होती.