भुकेचे माप आणि डॉ. सुखात्मे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे सुधारून प्रसिद्ध केली. १९९८ आणि २०११ नंतरची ही तिसरी आवृत्ती. साखर, मीठ व तेल बेताने वापरावे, कडधान्ये, भाज्या व भरड धान्ये वाढवावीत आणि प्रथिनांच्या विकतच्या भुकट्यांच्या मागे लागू नये, असा तिचा एकंदर आशय आहे. यांतील शेवटचा उपदेश वाचताना डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. बुधचा हा भाग आणि पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके एकाच अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतात. फर्ग्युसन महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ साली संख्याशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून परतले. १९४० पासून कृषी अनुसंधान परिषदेत त्यांनी केलेले काम मूलगामी होते. तोवर पिकाचा अंदाज नजरेने बांधला जात असे. सुखात्मे यांनी शेतातील छोटे तुकडे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून, तेथील पीक प्रत्यक्ष कापून व तोलून उत्पादन ठरविण्याची पद्धत रूढ केली. जे मोजता येते ते अंदाजावर सोडू नये, ही त्यांची शिस्त होती.

१९५१ साली ते जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. त्या काळी गरीब देशांची खरी उणीव अन्नाची नसून प्रथिनांची आहे, असा समज विद्वानांत दृढ झाला होता. माशांची भुकटी, खनिज तेलावर वाढविलेले किण्व असे नाना उपाय सुचविले जात होते. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनीही प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटाचा इशारा दिला. सुखात्मे यांनी भारतीयांच्या आहाराची आकडेवारी तपासून वेगळेच निदान केले. धान्य आणि डाळ यांचा नित्याचा आहार पोटभर मिळाला, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातच भागते. पोट अर्धे राहिले, तर शरीर प्रथिनेही इंधनासारखी जाळते. म्हणजे रोग अपुऱ्या अन्नाचा, अर्थात दारिद्र्याचा होता. १९७३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले, तेव्हा वाऱ्याची दिशा बदलली होती. १९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

निवृत्तीनंतर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांनी याहून वादग्रस्त प्रश्न हाती घेतला. एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत स्वतःला सावरून घेते. म्हणून सरासरी उष्मांकाखालचा प्रत्येक जण उपाशी धरू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. शुद्ध पाणी व स्वच्छता नसेल, तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९८१ साली त्यांच्याशी जाहीर वाद घातला, डॉ. सी. गोपालन यांनीही खुज्या शरीराला निरोगी ठरविण्याच्या विचारसरणीवर टीका केली. या टीकेत तथ्य होते. रेषा खाली ओढली की कागदावरचे उपाशी कमी होतात, प्रत्यक्षातले होतातच असे नाही. २८ जानेवारी १९९७ रोजी सुखात्मे यांचे निधन झाले, तरी हा वाद संपला नाही.

बारामती व इंदापूर तालुक्यांत त्याचा अर्थ स्पष्ट दिसतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस वाढला. माळेगाव, भवानीनगर, वालचंदनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. कालव्यापासून दूरचे जिरायत मात्र ज्वारी-बाजरीचेच राहिले. बागायतदाराला साखर कमी करण्याचा आणि जिरायतदाराला डाळ वाढविण्याचा उपदेश आज एकाच पुस्तिकेतून होतो. पहिल्याला तो मनावर घेतला की पुरे. दुसऱ्याला आधी बाजारात डाळीचा भाव विचारावा लागतो. ऊसतोडणी मजुराची भूकही बैठे काम करणाऱ्याच्या कोष्टकात बसणारी नव्हे.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा दंडक आहे. हे अन्न शिक्षकांच्या डोळ्यांदेखत शिजते. मुलाच्या ताटात नेमके किती पडले, हे तोलून पाहिल्याखेरीज असे दंडक कागदावरच राहतात. भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ आणि पालेभाजी यांची थोरवी नव्या तत्त्वांनी मान्य केली, हे चांगलेच झाले. आता ती शिधावाटपाच्या दुकानात व शाळेच्या स्वयंपाकघरात पोहोचवणे, आणि पोहोचली की नाही हे सुखात्मे यांच्या शिस्तीने मोजणे, हे शासनाचे काम आहे.