डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर

आषाढाचा पाऊस सुरू झाला, की शहापूर व मुरबाड तालुक्यांतील माहुली आणि नाणेघाटाच्या पायथ्याची राने हिरवीगार होतात. उन्हाळाभर भूमीत निजलेले कंद जागे होतात. त्यांपैकीच एक कळलावी. तिचा वेल झुडपांवर चढतो व त्याला ज्वालेसारखी फुले येतात. फूल मनोहर, पण कंद अत्यंत विषारी! खाण्याचा कंद समजून कोणी तो खाल्ला, तर प्राणावर बेतते. अशा वनस्पती अचूक ओळखण्यासाठी डॉक्टर कीर्तिकर यांनी आयुष्यभर परिश्रम केले.

कीर्तिकरांचा जन्म १८४९ साली झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते सरकारच्या वैद्यक सेवेत शिरले. १८७८ साली अफगाण युद्ध सुरू झाले, तेव्हा रणभूमीवर त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. पुढे ते ठाण्यास सर्जन होते. मराठीत काव्यरचना करणाऱ्या या डॉक्टरांना वनस्पतींचाही मोठा छंद होता. वज्रेश्वरीजवळच्या उष्ण कुंडांतील शेवाळसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

वनस्पती ओळखणे सोपे नसते. कळलावीचे फूल आधी हिरवट पिवळे असते, मग तांबडे होते. नवख्याला ती दोन निराळी झाडे वाटतात. तिलाच कोठे खड्यानाग म्हणतात, तर संस्कृतात लांगली. रंग फसवतो, नावही फसवते. पण पानाचे टोक सुतासारखे लांबून आधाराला वेटोळे घालते, ही खूण बदलत नाही. जिभेसारखी नाजूक पाकळी असो वा कंदाचा आकार, वनस्पतीचा प्रत्येक अवयव नीट निरखल्यावाचून तिचे नाव निश्चित करता येत नाही. कीर्तिकरांनी मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली, ती अशाच निरीक्षणाच्या बळावर.

उतारवयात त्यांनी मेजर वामनदास बसू यांच्या सहकार्याने भारतातील औषधी वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यात प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव, निरनिराळ्या भाषांतील नावे, वर्णन व उपयोग दिले असून सोबत चित्रेही आहेत. परंतु छापील ग्रंथ पाहण्याचे भाग्य कीर्तिकरांना लाभले नाही. १९१७ साली त्यांचे निधन झाले आणि १९१८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांनी लावलेले हे झाड मात्र वाढतच राहिले. पुढे इतर विद्वानांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. आजही एखाद्या अनोळखी औषधीची ओळख पटवताना अभ्यासक तो ग्रंथ उघडतात.