ऑटिझमचं खापर आईवर फोडणारा ‘तज्ज्ञ’, ज्याचा दावा वर्षानुवर्षं कोणी तपासलाच नाही

मूल बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, एकटंच खेळत बसतं. चूक कोणाची? तर आईची. १९६७ साली एका पुस्तकाने हे उत्तर अमेरिकेत घरोघरी पोचवलं. पुस्तक ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’, लेखक ब्रूनो बेटलहाइम.

बेटलहाइम मूळचे व्हिएन्नाचे, १९०३ साली ज्यू कुटुंबात जन्मलेले. वडील गेल्यावर त्यांनी घरचा लाकडाचा धंदा सांभाळला आणि १९३८ मध्ये पीएचडीही मिळवली. त्याच वर्षी नाझींनी ऑस्ट्रिया घशात घातला. बेटलहाइम यांची रवानगी आधी डाखाऊ, मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली. १९३९ मध्ये सुटले आणि अमेरिकेला पोचले. छावणीतल्या माणसांच्या वागण्यावर १९४३ साली लिहिलेल्या लेखाने त्यांचं नाव झालं.

१९४४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलची सूत्रं त्यांच्या हाती आली. मानसिक अडचणी असलेली मुलं इथे राहायला असायची. त्यांना आईवडिलांपासून लांब ठेवणं हा उपचाराचाच भाग होता.

कारण त्यांचा सिद्धांतच तसा होता. छावणीतला कैदी भीतीने आतल्या आत मिटतो, तसं ऑटिस्टिक मूल मिटतं. मग पहारेकऱ्याच्या जागी कोण? आई! पालकांच्या कोरडेपणावर बोट ठेवणारे ते पहिले नव्हते. १९४३ मध्ये ऑटिझमचं वर्णन करणाऱ्या लिओ कॅनर यांनीही ते केलं होतं. पण बेटलहाइम लिहायचे झकास, टीव्हीवरही दिसायचे. त्यामुळे गोष्ट पसरली ती त्यांची.

पुस्तकाचं नावही बघा, रिकामा किल्ला. म्हणजे मूल आतून रिकामं. ऑटिस्टिक माणूस मोठा होऊन हे वाचेल, हा विचार त्यात कुठेच नाही.

आपल्याकडची बहुतेक मुलं सुधारतात, असा त्यांचा दावा होता. टक्केवारीही दिली होती. पण निदान त्यांचं, उपचार त्यांचे आणि सुधारणा मोजणारेही तेच. आज एखादी रील ऑटिझम बरा करून देते म्हणते, तेव्हा नेमकं हेच तपासावं लागतं. मोजलं कोणी?

हा प्रश्न विचारणारा माणूस तेव्हाही होता. बर्नार्ड रिमलँड, अमेरिकन नौदलातले मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील. १९६४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी बिनतोड मुद्दा मांडला. आईच कारण असेल, तर त्याच आईची बाकीची मुलं ऑटिस्टिक का नाहीत? (हेच रिमलँड पुढे लसीमुळे ऑटिझम होतो या दाव्याच्या बाजूने उभे राहिले, आणि तो दावा अभ्यासांत टिकला नाही. एकदा बरोबर ठरलेला माणूस कायम बरोबर नसतो.)

१९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत जाऊन त्यांना दोषमुक्त केलं. १९७७ मध्ये ब्रिटनमधला जुळ्यांचा अभ्यास आला. ११ एकसारख्या जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघंही ऑटिस्टिक निघाले, १० वेगळ्या दिसणाऱ्या जोड्यांत एकाही नाही. रोख आनुवंशिकतेकडे होता.

बेटलहाइम यांची शान मात्र कमी झाली नाही. १९७६ च्या परीकथांवरच्या पुस्तकाला मोठे पुरस्कार मिळाले. मार्च १९९० मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं आणि मग शाळेतली जुनी मुलं उघडपणे बोलू लागली. मारहाण व्हायची, सगळ्यांसमोर अपमान व्हायचा, असं अनेकांनी सांगितलं. काहींनी त्यांची बाजूही घेतली. पुढे चरित्रकारांनी जुने कागद काढले. ती व्हिएन्नाची पीएचडी सौंदर्यशास्त्रावरची होती. युद्धाआधी घरी ऑटिस्टिक मूल सांभाळल्याचं ते सांगायचे. त्या मुलीला मुख्यतः त्यांच्या पहिल्या पत्नीने सांभाळलं होतं, आणि ती ऑटिस्टिक होती का, यावरही वाद आहे.

फ्रान्समध्ये ऑटिझमवर मनोविश्लेषणाचा पगडा त्यानंतरही टिकला. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने शिफारस केलेल्या उपचारांत मनोविश्लेषणाला जागा दिली नाही, ती २०१२ साली. ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ येऊन तेव्हा ४५ वर्षं झाली होती.